गच्चीखालच्या खोल्या : एका वसतिगृहाच्या हरित नूतनीकरणाच्या नोंदी

१० मे २०२३

वसतिगृहाची पहिली पूर्ण पाहणी. तळमजला अधिक तीन मजले, मधे जिना, दोन्ही बाजूंना ए आणि बी विंग. दोन्ही विंगची तोंडं एकाच दिशेला आणि बांधणी हुबेहूब सारखी. याचा पुढे उपयोग होईल. मजल्याला सोळा खोल्या, एकूण चौसष्ट. बांधकाम चाळीसेक वर्षांपूर्वीचं. राहतात रुग्णालयातल्या सिस्टर.

तिसरा मजला रात्रपाळीच्या सिस्टरना दिलेला आहे, कारण वर गडबड कमी. त्या सकाळी नऊला येऊन झोपतात आणि चारला उठतात. म्हणजे इमारतीतल्या सर्वांत तापलेल्या खोल्यांत, दिवसाच्या सर्वांत तापलेल्या वेळी, सर्वांत दमलेली माणसं झोपतात.

दुपारी अडीचला एका सिस्टरनी दार उघडलं. खिडकीच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकून ओली चादर ताणलेली, खाली बादली. चादर वाळली की पुन्हा बुडवायची, दीड तासाला एकदा. "मॅडम, गजर लावून उठते मी चादर भिजवायला," त्या म्हणाल्या. छताचं तापमान तापमापक बंदुकीने मोजलं : ३९ अंश. संध्याकाळी सातला परत गेले तेव्हा ४३. सूर्य मावळायला आला होता आणि छत मात्र आता कुठे तापत होतं. काँक्रीटचा स्लॅब दुपारचं ऊन पोटात घेतो आणि चार-पाच तासांनी आत सोडतो. हे मी पुस्तकात अनेकदा वाचलंय, पण त्या खोलीत पलंगावर बसल्यावर डोक्यावर शेकोटी ठेवल्यासारखं वाटलं.

२४ मे २०२३

तीन वर्षांची वीजबिलं मांडली. वर्षाला साधारण ५२ हजार युनिट, म्हणजे चौरस मीटरमागे ३२ च्या आसपास. एसी एकही नाही. पंखे, ट्यूबलाइट, पाण्याचा पंप, झालं. कागदावर बघितलं तर ही इमारत गुणी ठरेल.

सल्लागारांचा तक्ता आज आला. प्रत्येक उपायासमोर खर्च किती वर्षांत भरून निघेल ते लिहिलंय. एलईडी : लवकर. पंखे : लवकर. गच्चीचं उष्णतारोधन : "लागू नाही". कारण सरळ आहे. वरच्या मजल्यावर एसीच नाही, तर छत थंड करून वीज कुठली वाचणार?

या एका ओळीवर मी दिवसभर अडून बसले आहे. गणित चुकलेलं नाही, प्रश्न चुकलाय. इथे बिल कमी आहे ते इमारत चांगली आहे म्हणून नव्हे, माणसं सोसतात म्हणून. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या बहुतेक जुन्या इमारतींची हीच स्थिती आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ च्या अहवालात म्हटलं होतं की जगातल्या सर्वांत उष्ण भागांत राहणाऱ्या २८० कोटी लोकांपैकी जेमतेम ८ टक्क्यांकडे एसी आहे. बाकीच्यांच्या घामाची नोंद कुठल्याच मीटरवर होत नाही. दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर २०२० मध्ये मोठ्या कार्यालयांना आणि शैक्षणिक इमारतींना ऊर्जा प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. पाऊल चांगलंच आहे. पण तिथेही श्रेणी ठरते ती चौरस मीटरमागच्या युनिटवर. त्या फूटपट्टीने आमचं वसतिगृह मोजलं तर श्रेणी वरची मिळेल, आणि वरच्या मजल्यावर चादर भिजतच राहील.

याला शब्द आहे : दबलेली मागणी. क्योटो हवामान कराराखालच्या स्वच्छ विकास यंत्रणेने २०११ मध्ये यावर मार्गदर्शक सूचनाही काढल्या होत्या, की गरिबीमुळे न वापरलेली ऊर्जा "शून्य गरज" म्हणून मोजू नका. म्हणजे विचार नवा नाही. तो आमच्या तक्त्यापर्यंत पोचलेला नाही एवढंच.

ठरलं. आपण बिलाबरोबर खोलीचं तापमानही मोजायचं आणि दोन्ही आकडे एकाच पानावर लिहायचे.

६ जून २०२३

चौदा तापमान-नोंदक बसवले. वरच्या मजल्यावर प्रत्येक विंगमध्ये चार, पहिल्या मजल्यावर दोन-दोन तुलनेसाठी, दोन बाहेर सावलीत. दर पंधरा मिनिटांनी नोंद.

कुठल्या तापमानाच्या वर "सोसणं" म्हणायचं यावर बराच खल झाला. नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतींसाठी अ‍ॅश्रे ५५ या अमेरिकी औष्णिक-आराम मानकातलं सूत्र धरलं : बाहेरचं सरासरी तापमान गुणिले ०.३१, अधिक १७.८. बाहेरची सरासरी ३३ असेल तर २८ येतं. बहुतेकांना चालेल अशी वरची मर्यादा त्याच्यावर साडेतीन, म्हणजे ३१.५. पंख्याच्या वाऱ्याची थोडी सवलत धरून आम्ही ३४ ला रेघ आखली. त्वचेचं तापमान ३५ च्या आसपास असतं. हवा त्याच्या वर गेली की पंखा गरम हवाच अंगावर टाकतो, मग सगळी भिस्त घाम वाळण्यावर.

मोजायचं काय, तर झोपेच्या वेळात म्हणजे सकाळी नऊ ते चार, किती तास खोली ३४ च्या वर होती.

१९ जुलै २०२३

पाऊस. तिसऱ्या मजल्यावर पाच खोल्या गळतात, एकीत तर दिव्याच्या होल्डरमधून पाणी. वर जाऊन पाहिलं. गच्चीवरच्या आठ पाऊसपाणी पाइपांपैकी तीन पालापाचोळ्याने बंद आणि मधोमध घोटाभर पाणी साचलेलं.

गळक्या गच्चीवर उष्णतारोधक थर टाकणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देण्यासारखं. पाणी थराखाली अडकणार, थराचा गुण जाणार, सळया गंजणार. आधी दुरुस्ती, मग हरित काम. पण ज्या निधीतून पैसे येणार आहेत त्याच्या नियमांत "दुरुस्ती" बसत नाही, फक्त "ऊर्जा बचत" बसते. दुरुस्तीचं खातं वेगळं, तिथे यंदाचा पैसा संपलेला. एकाच स्लॅबचा वरचा थर एका खात्यात आणि खालचा दुसऱ्या. राग येतो. निधीवाल्यांना सविस्तर पत्र लिहिलं : जलरोधन हा उष्णतारोधनाचाच भाग धरा, नाहीतर दोन पावसाळ्यांत तुमचे पैसे पाण्यात.

११ सप्टेंबर २०२३

निधीवाले मानले. जलरोधन धरलं, स्लॅबच्या सळयांची दुरुस्ती मात्र संस्थेने करायची.

आज संरचनेची तपासणी. गच्चीच्या स्लॅबमधून काँक्रीटचे चार नमुने कापून काढले. इंजिनिअरने ताज्या कापावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. निरोगी काँक्रीट आम्लारी असतं, त्यावर हे द्रावण गडद गुलाबी होतं. जिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरून आम्लारीपणा गेला तिथे रंगच येत नाही, आणि तिथे सळईला गंजापासून राखणारं कवच उरलेलं नसतं. तीन नमुन्यांत खालची बारा-पंधरा मिलिमीटर कोरी, बाकी गुलाबी. सळई गुलाबीत आहे. हायसं वाटलं. चौथा नमुना गळक्या खोलीवरचा, तो सळईच्याही पलीकडे कोरा निघाला. तो भाग फोडून, सळया घासून, नवीन काँक्रीट भरावं लागणार.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गच्चीवर ब्रिकबॅट कोब्याचे, म्हणजे विटांचे तुकडे घालून केलेल्या कोब्याचे, दोन थर आहेत. पहिला मूळचा. नंतर गळायला लागली तेव्हा तो न काढता त्याच्यावरच दुसरा घातला. मिळून अठरा सेंटिमीटर. चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर वजन झालं. माणसांच्या वावरासाठी गच्चीवर साधारण दीडशे किलो धरतात, त्याच्या दुपटीहून अधिक नुसता कोबा. चारशे चौरस मीटरचा हिशेब केला तर सव्वाशे टन. इतकी वर्षं हा स्लॅब ते घेऊन उभा आहे.

३० ऑक्टोबर २०२३

बैठक. दोन सूचना आल्या.

एक, पाडून नवीन बांधू. नाही म्हटलं. सांगाडा ठीक आहे. नवीन सांगाडा म्हणजे नवीन सिमेंट आणि पोलाद, आणि जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा ७-८ टक्के आहे. शिवाय दोन-तीन वर्षं सिस्टर राहणार कुठे, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

दोन, गच्चीवर बाग. दिसायला सुरेख आणि फोटोला उत्तम. पण भिजलेल्या मातीचा दहा सेंटिमीटरचा थर पुन्हा चौरस मीटरला दीडशे किलोच्या पुढे जातो, आणि उन्हाळ्यात वर पाणी चढवायचं कुठून? या स्लॅबवर नको.

आधी कोबा उतरवून वजन कमी करायचं, मग हलका थर. आणि निम्मीच गच्ची आधी : फक्त ए विंग. बी विंग एक उन्हाळा जशीच्या तशी. हा निर्णय माझा, आणि तो जड गेला. बी विंगच्या सिस्टरना समोर बसवून सांगितलं की तुमचा एक उन्हाळा आम्ही मागतोय. तुलना हातात नसेल तर दुसऱ्या कुठल्याही वसतिगृहासाठी कुणी पैसे देणार नाही, हेही सांगितलं. एकीने विचारलं, "मग पुढच्या वर्षी नक्की ना?" लेखी दिलं.

२१ नोव्हेंबर २०२३

पंखे आणि दिवे बदलून झाले. जुना पंखा ७५ वॉट, नवा बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरचा) २८. एकूण १२८ पंखे, म्हणजे सगळे चालू असताना सहा किलोवॉटचा भार कमी. दिवसाला चौदा तास धरले तर ८४ युनिट. ट्यूबलाइट चोकसकट पन्नासेक वॉट घेत होत्या, एलईडी वीस.

पण गडबड झालीच. आठवड्याभरात सतरा पंखे बंद. काही घुरघुरत होते, काही अडखळत फिरत होते. ठेकेदाराच्या वायरमनने पंखे बदलले आणि भिंतीवरचे जुने रेग्युलेटर तसेच जोडलेले ठेवले. बीएलडीसी पंख्याचा वेग त्याच्या आतलं सर्किट सांभाळतं. त्याला पूर्ण, सलग पुरवठा लागतो, मधे जुना रेग्युलेटर आला की सर्किट जळतं. आमच्या निविदेत "रेग्युलेटर काढणे" ही ओळच नव्हती. चूक आमचीही. ओळ घातली, १२८ रेग्युलेटर काढले, सतरा सर्किटं वॉरंटीत बदलून आली. पुढे हे काम करणाऱ्याने ही ओळ पहिल्या दिवशी लिहावी.

८ जानेवारी २०२४

ए विंगचा कोबा फोडायला सुरुवात. खाली माणसं झोपलेली असताना वर छिन्नी-हातोडा कसा चालवायचा? रात्रपाळीची झोप नऊ ते चार. म्हणून फोडाफोडी फक्त संध्याकाळी चार ते सातच्या दरम्यान, दिवसा गोणी भरणं आणि राडारोडा उतरवणं. मुकादम आधी तयार नव्हते, काम दुप्पट लांबणार म्हणून. त्यांना एकदा सकाळी अकराला तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमधून चालवत नेलं. दारं उघडी, पंखे फुल, प्रत्येक दारासमोर गणवेशाचे बूट. परत येताना ते म्हणाले, "चारच्या आधी घाव पडणार नाही, मॅडम."

जिन्याच्या टोपीवर आणि मागच्या शेडवर सिमेंटचे जुने पत्रे आहेत, अ‍ॅस्बेस्टॉसचे. जुन्या इमारतीत हे असणारच असं धरून चालावं. भोक पाडायचं नाही, फोडायचं नाही, ओढून खाली टाकायचं तर नाहीच. पत्रे भिजवून, नट सोडवून अख्खे उतरवले, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळले, मजुरांना नीट बसणारे मास्क. एका मुलाने मास्क गळ्यात उतरवला होता. ओरडले त्याच्यावर, नंतर शेजारी बसून समजावलं की ही धूळ आज काही करत नाही, तीस वर्षांनी करते.

१२ ते २७ फेब्रुवारी २०२४

खराब स्लॅबची दुरुस्ती झाली. मग उतार दिला, जलरोधक लेप दिला. पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर पाणी साठवलं, ४८ तास. मी दोन्ही रात्री टॉर्च घेऊन खालच्या खोल्यांची छतं बघत फिरले. एका कोपऱ्यात ओलीचा हाताएवढा डाग आला. पाणी सोडलं, कोपरा पुन्हा केला, पुन्हा ४८ तास. कोरडं.

वर ५० मिलिमीटर जाडीचे एक्सपीएसचे, म्हणजे दाट पॉलिस्टायरीन फोमचे तक्ते. हातात घेतला की कळतं : एका माणसाने काखेत मारून जिना चढावा इतका हलका. हे तक्ते फुगवायला कोणता वायू वापरला ते विचारायलाच हवं. काही कारखाने अजून हायड्रोफ्लुरोकार्बन वापरतात, त्यांची तापवायची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या हजारपट वगैरे असते. ओझोन वाचवणाऱ्या मॉन्ट्रियल करारात २०१६ मध्ये किगालीत झालेल्या दुरुस्तीने ते टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले आहेत. तीन वेळा फोन केल्यावर पुरवठादाराने लेखी कळवलं की यात तो वायू नाही. तेव्हाच माल घेतला.

तक्त्यांवर बारीक जाळी घालून काँक्रीटचा पातळ थर, त्यावर पांढऱ्या फरश्यांचे तुकडे. आधीच्या स्लॅबमधून चौरस मीटरमागे दर अंशाला सव्वातीन वॉट उष्णता आत येत होती, आता हिशेबाने अर्धा वॉट. वजनही दोनशे किलोने घटलं. थर स्लॅबच्या वरून दिला याला अर्थ आहे : काँक्रीटचं वस्तुमान आता खोलीच्या बाजूला राहिलं. रात्री खिडक्या उघडून ते गार केलं तर दिवसा तेच खोली धरून ठेवतं.

नुसता पांढरा रंग का नाही, असं पुष्कळांनी विचारलं. तो स्वस्त आणि झटपट, आणि वस्त्यांवरच्या पातळ छपरांवर त्याला तोड नाही. अहमदाबादच्या उष्णता कृती आराखड्यात थंड छपरं आली, तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण केलं, ते योग्यच. पण रंगावर धूळ बसते आणि परावर्तन वर्षभरात बरंच उतरतं. दर उन्हाळ्याआधी धुवावं लागतं. फरशीही धुवावीच लागणार आहे. रखवालदार काकांच्या कामाच्या यादीत "फेब्रुवारी : गच्ची धुणे" लिहून घेतलं.

१८ मार्च २०२४

खिडक्या. रात्री उघड्या का ठेवत नाही? डास. दोन्ही विंगना जाळ्या बसवल्या. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून बांबूच्या चिका, म्हणजे पट्ट्यांचे पडदे. आतल्या पडद्यापर्यंत ऊन आलं म्हणजे ते खोलीत आलंच. अडवायचं तर काचेच्या बाहेर.

सौर पॅनेलचा विषय पुन्हा निघाला. करायचं आहे, पण भार कमी करून झाल्यावर. आणि सिस्टरना हे आधीच स्पष्ट सांगितलं : वीज गेली की ग्रिडला जोडलेला साधा सौर इन्व्हर्टरही बंद पडतो, तारेवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून. बॅटरी असेल तरच दिवा लागेल. सगळ्यांचे चेहरे उतरले. तरी बसवल्यानंतर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

२२ मे २०२४

आठवड्याभराची उन्हाची लाट. बाहेर सावलीत दुपारी ४१-४२. संध्याकाळी सातला छत : बी विंग ४२.६, ए विंग ३४.८. दुपारी दोनला खोलीतली हवा : बी ३६.९, ए ३३.६.

झोपेच्या सात तासांपैकी ३४ च्या वर : बी विंगमध्ये सरासरी सहा तास. ए विंगमध्ये चार खोल्यांपैकी तिघींत शून्य. चौथीत दोन तास. जाऊन पाहिलं तर तिची खिडकी पश्चिमेची आणि चीक तुटलेली. दुसऱ्या दिवशी बदलली.

एवढा फरक मला अपेक्षित नव्हता. रात्री जाळ्यांमधून हवा खेळते, हेही यात आहे. ए विंगच्या सिस्टरनी खिडक्या दुपारी बंद आणि रात्री उघड्या ठेवायची शिस्त स्वतःहून लावून घेतली. फळ्यावर वेळापत्रकच लिहिलंय.

३ जून २०२४

बचतीचा अहवाल. पंखे-दिवे बदलल्यावर डिसेंबर ते मार्च बिल निम्म्याहून खाली आलं होतं. मेमध्ये ते गेल्या मेच्या तुलनेत फक्त तिसऱ्या हिश्श्याने कमी. निधीवाल्यांचा प्रश्न : बचत घटली, कारण द्या.

कारण दिलं. पंखे कमी वॉटचे झाले म्हणून सगळ्या जणी ते आता बारा महिने, पूर्ण वेगाने, दिवसा आणि रात्री चालवतात. पूर्वी बिलाच्या धास्तीने वॉर्डन बाई दुपारी पॅसेजचे पंखे बंद करायच्या, आता करत नाहीत. ए विंगच्या आठ सिस्टर पूर्वी मेमध्ये पहिल्या मजल्याच्या पॅसेजमध्ये गाद्या टाकायच्या, आता आपापल्या खोलीत झोपतात, म्हणजे वरचे पंखेही चालू. ही गळती नाही. हे लोकांना मिळायला हवं होतं आणि मिळत नव्हतं, ते आता मिळतंय. अहवालात दोन्ही आलेख एकाखाली एक लावले : वरती युनिट, खालती ३४ च्या वरचे तास.

तिकडून फोन आला. बोलणाऱ्या बाई बराच वेळ खालच्या आलेखाबद्दलच विचारत होत्या. पुढच्या प्रस्तावांच्या नमुन्यात असा रकाना घालता येईल का, मोजायला किती खर्च येतो, कोण मोजेल. सगळं सांगितलं.

एक जुनं दुखणं तसंच आहे. वाचलेलं बिल संस्थेच्या हातात राहत नाही, पुढच्या वर्षीच्या तरतुदीतून तेवढं कापलं जातं. मग गच्ची धुवायला, चिका बदलायला पैसे कुठून? ट्युनिशियाने २००५ मध्ये सौर बंबांच्या कर्जाचे हप्ते वीजबिलातून घ्यायला सुरुवात केली आणि योजना चालली, कारण पैसा कुठून कुठे जातो ते सरळ होतं. वाचलेल्या रकमेचा ठरावीक भाग पाच वर्षं देखभालीसाठी राखून ठेवावा असा प्रस्ताव दिलाय.

२० जून २०२४

बी विंगला मंजुरी. पत्र हातात आहे, कोबा फोडणं नोव्हेंबरात, वेळ तीच, चार ते सात.

दुपारी वर जाऊन आले. गजर लावून चादर भिजवणाऱ्या ए विंगमधल्या त्या सिस्टर झोपल्या होत्या. दार अर्धवट उघडं, खिडकी बंद, खिळ्यावर इस्त्रीचा गणवेश टांगलेला. बी विंगच्या आठ खोल्यांपैकी सहांत चादरी ताणलेल्या आहेत आणि खाली बादल्या. वॉर्डन बाईंना सांगून त्या सहा जणींना नोव्हेंबरपर्यंत पहिल्या मजल्यावरच्या रिकाम्या होणाऱ्या खोल्या द्यायला लावल्या. चार खोल्या १ जुलैला रिकाम्या होतील. उरलेल्या दोघींचं बघायचं आहे.